दप्तर या लिपीतून त्या लिपीत : बीदर-कलबुर्गीच्या नोंदी आणि एक अवघड संगणकभाषा

गणपतीला आपण विद्येची देवता म्हणतो, पण तो लेखनिकही आहे हे सहसा ध्यानात राहत नाही. व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने लिहून घ्यायचे असे ठरले, तेव्हा गणपतीने अट घातली की माझी लेखणी मध्येच थांबता कामा नये. त्यावर व्यासांनीही अट घातली, की अर्थ कळल्याखेरीज एकही ओळ लिहायची नाही. पहिली अट वेगाची आणि दुसरी समजुतीची. सरकारी कचेरीत जुनी नोंद नव्या वहीत उतरवणाऱ्या प्रत्येक माणसाला या दोन्ही अटी आजही लागू आहेत. त्यांतली पहिली साहेब पाळायला लावतात, दुसरी आपली आपणच पाळावी लागते.

नोकरीच्या निमित्ताने मला एक्सएसएलटी नावाची संगणकभाषा शिकावी लागली. एका साच्यात भरलेली माहिती दुसऱ्या साच्यात नेणे एवढेच तिचे काम. ती अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. पण शिकताना सारखे वाटत राहिले की हे काम आपल्या बीदर-कलबुर्गीच्या मुलखाला नवीन नाही. शेकडो वर्षे आपल्या दप्तरांचे हेच चालले आहे. म्हणून या लेखात दोन्ही इतिहास शेजारी शेजारी ठेवले आहेत.

बहमनी काळात, आधी गुलबर्गा आणि मग बीदर राजधानी असताना, दरबारी कारभार फारसीत चाले. बीदरचा मदरसा १४७२ साली बांधणारा महमूद गवान स्वतः फारसी पत्रलेखनाचा मोठा जाणकार होता. पुढे विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने (१५३४ ते १५५८) हिशेबाची दप्तरे फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला लावली, असे फरिश्ता हा इतिहासकार लिहितो. ज्या कारकुनांनी ते केले त्यांची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत. त्यांनी कोणत्या फारसी शब्दाला कोणता देशी शब्द घेतला, कोणता रकाना गाळला, कोणता नवा घातला, याचा लेखी नियमही हाती नाही. काम झाले, पण कामाची रीत डोक्यातच राहिली.

याला एक ठळक अपवाद आहे आणि तो आपल्या सर्वांच्या अभिमानाचा आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश तयार झाला. कारभारातील सुमारे चौदाशे फारसी-दखनी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत, तेही विषयवार वर्ग पाडून. भाषाशुद्धीचा ग्रंथ म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. कचेरीच्या नजरेने पाहिले तर तो एक जोडतक्ता आहे : डावीकडे जुना शब्द, उजवीकडे नवा. असा तक्ता असला की दहा कारकून दहा ठिकाणी बसून एकसारखे काम करू शकतात, आणि शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर ती तपासताही येते.

निजामशाहीत पहिल्या सालारजंगांनी महसुलाची घडी बसवली आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. १८८४ च्या सुमारास फारसी मागे पडून उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली. वर उर्दू होती, पण खाली गावात पटवारी आपल्या भाषेत लिही. मराठी वस्तीत मोडी, कन्नड वस्तीत कन्नड. म्हणजे एकच शेत गावात एका लिपीत, तालुक्याला दुसऱ्या लिपीत.

इथे पहिली हानी झाली आणि ती कुणी मुद्दाम केलेली नव्हती. उर्दू लिपीत 'ण' आणि 'ळ' ही अक्षरे नाहीत. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत. त्यातून शिकस्ता, म्हणजे घाईची, मोडलेली लिखावट. मराठीतला 'बाळा' उर्दू नोंदीत 'बाला' झाला. 'काळे' आणि 'काले' एकाच अक्षरांत बसले. पुढे तीच नोंद कन्नडमध्ये आली. कन्नडला 'ळ' आहे, 'ण' आहे, पण उतरवणाऱ्यासमोर मूळ मोडी कागद नव्हता, उर्दू प्रत होती. अक्षर असूनही ते परत आले नाही, कारण ते होते याची खूणच मधल्या पायरीवर पुसली गेली होती. आज वारसाच्या नोंदीसाठी पहाणीवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही म्हणून माणसे खेटे घालतात. त्यातल्या काही जणांच्या अडचणीची मुळे इतकी जुनी असतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. नारायणखेड आणि झहीराबादचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशात गेला. उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात आला. गुलबर्ग्याचेही कोडंगल आणि तांडूर आंध्रात गेले. नकाशावर ही रेघ आपण सगळे ओळखतो. दप्तरखान्यात तिचा अर्थ असा झाला, की एकाच निजामी उर्दू दप्तरापासून पुढे तीन भाषांत तीन दप्तरे वाढली. उदगीरला मराठीत सातबारा, बीदरला कन्नडमध्ये पहाणी, नारायणखेडला तेलुगूत पहाणी. मूळ एक, रूपे तीन. आमच्या भागात शेत या बाजूला आणि सोयरीक त्या बाजूला अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांच्या ट्रंकेत ही रूपे एकावर एक घडी घालून ठेवलेली सापडतात.

यानंतरचा टप्पा म्हणजे 'भूमी'. २००० सालाच्या सुमारास कर्नाटक सरकारने पहाण्या संगणकावर आणायला घेतल्या आणि दोन-तीन वर्षांत राज्यातले सगळे तालुके आणले. सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे २ कोटी नोंदी. सुमारे ९ हजार ग्रामलेखापालांच्या हातात असलेल्या वह्या तालुक्याच्या संगणकात गेल्या, १५ रुपयांत छापील पहाणी मिळू लागली, आणि तालुका 'भूमी'त आला की हाताने लिहून दिलेली पहाणी कायद्याने चालेनाशी झाली. शेतकऱ्याचा फायदा उघड होता. पण याचा दुसरा अर्थ असा, की त्या दिवशी संगणकात जे नाव होते तेच नाव झाले. आधीच्या साऱ्या उतरवण्यांत जे गळाले होते, त्यावर शिक्का बसला.

आपल्याकडे हे चालू असताना जगात दुसरीकडे वेगळ्याच माणसांपुढे हाच प्रश्न होता. १९६९ साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे तिघे वकिली कागदपत्रे संगणकात ठेवण्याचे काम करीत होते. मजकूर कसा दिसावा हे सांगण्याऐवजी तो काय आहे हे सांगणाऱ्या खुणा त्यांनी मजकुरात घातल्या. हा शब्द ठळक छापा असे न म्हणता, हे खातेदाराचे नाव आहे असे म्हणायचे. त्या पद्धतीला जीएमएल म्हणत, आणि ती अक्षरे तिघांच्या आडनावांचीही आद्याक्षरे होती. तिच्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि १० फेब्रुवारी १९९८ रोजी त्याचे सुटसुटीत रूप, एक्सएमएल. यात प्रत्येक माहितीच्या आधी उघडणारी आणि नंतर मिटणारी खूण असते. गावाच्या खुणेच्या पोटात सर्वे नंबर, त्याच्या पोटात हिस्सा, हिश्शाच्या पोटात खातेदार. खुणांची नावे देवनागरीत दिली तरी चालतात. आयकराचे विवरणपत्र २०२१ च्या नव्या पोर्टलआधी याच रूपात जाई. आधारची ऑफलाइन केवायसी फाइल याच रूपात मिळते. टॅलीतून हिशेब याच रूपात बाहेर काढता येतो. वर्डची फाइल उघडून पाहिली तर आत हेच.

माहिती अशी खुणांनी बांधली की पुढचा प्रश्न येतो, एका साच्यातली माहिती दुसऱ्या साच्यात नेणार कोण? प्रत्येक वेळी नवा प्रोग्राम लिहायचा का? त्याचे उत्तर म्हणून १६ नोव्हेंबर १९९९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिचे संपादक जेम्स क्लार्क. दुसरी आवृत्ती २००७ मध्ये आणि तिसरी २०१७ मध्ये, दोन्हींचे संपादक मायकेल के. म्हणजे 'भूमी' आणि ही भाषा एकाच वयाच्या. 'भूमी'च्या आत कोणते तंत्र होते हा इथला मुद्दा नाही. दोन्हीकडे कामाची जात एक होती.

आता ती अवघड का. आमच्या पिढीने डिप्लोमाला सी आणि फॉक्सप्रो शिकले. त्यात आपण संगणकाला कृती सांगतो : ही नोंद घे, हे बघ, ते लिही, पुढच्या नोंदीवर जा. एक्सएसएलटीत कृतीचा क्रम सांगायचा नसतो. 'अशा जातीची खूण भेटली तर तिचे हे करायचे' असे नियम लिहून ठेवायचे. त्या नियमाला टेम्प्लेट म्हणतात. मूळ फाइल फिरत जाऊन कुठे कोणता नियम लागतो हे यंत्र ठरवते. हाताखालच्या कारकुनाला दिवसभर एकेक काम सांगणे वेगळे आणि त्याच्या हाती नियमावली देऊन उठून जाणे वेगळे. नियमावली लिहिणाऱ्याला आधीच सगळा विचार करावा लागतो.

दुसरी अडचण, यातला चल एकदा भरला की बदलत नाही. बेरीज करताना आपण 'आधीच्या आकड्यात हा मिळव' म्हणतो, तसे इथे म्हणता येत नाही. शाईने लिहिलेला आकडा खोडायचा नाही, अशी ही वही आहे.

तिसरी अडचण नवशिक्याला रडवते. ज्या खुणेसाठी नियम लिहिलेला नाही ती ओलांडून यंत्र आत जाते आणि आतला मजकूर तसाच बाहेर टाकते. मग निकालात गाव, नाव, आकडे सगळे एकमेकांना चिकटून येते. याच्या उलटही होते. फाइलीला जर नेमस्पेस, म्हणजे घराण्याचे नाव, जोडलेले असेल आणि आपल्या नियमात ते लिहिले नसेल, तर एकही नियम लागत नाही. यंत्र चूक दाखवत नाही. त्याच्या लेखी 'देशमुख' आणि 'अमक्या घराण्यातले देशमुख' ही वेगळी माणसे आहेत.

चौथी अडचण गावनिहाय गट पाडण्याची. पहिल्या आवृत्तीत त्याची सोयच नव्हती. ऑरॅकल कंपनीतल्या स्टीव्ह म्यूएंख यांनी एक युक्ती काढली. ती इतकी आडवळणी होती की तिला त्यांचेच नाव पडले. दुसऱ्या आवृत्तीत ही सोय भाषेतच आली.

एवढे सोसून मिळते काय? एक गोष्ट अशी मिळते जी आपल्या दप्तरांच्या इतिहासात फार थोड्यांनी केली. मूळ फाइलीला ही भाषा हात लावत नाही, निकाल नेहमी वेगळा तयार होतो. आणि नियम लेखी राहतो. कुणीही तो वाचू शकतो, त्यात दोष सापडला तर सुधारून सगळे काम पुन्हा चालवू शकतो. इथे मला राज्यव्यवहारकोश आठवतो.

आपल्याच कागदांवरची उदाहरणे घेऊ. जुन्या निजामी नोंदीवर फसली सन असतो. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन, असे जुनी माणसे सांगतात. पण हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. म्हणून १३५८ फसली म्हणजे डिसेंबरपर्यंत १९४८, आणि जानेवारीपासून १९४९. ५९० मिळवायचे की ५९१, हे महिना पाहून ठरवायचे. 'असे असेल तर हे, नसेल तर ते' हा नियम एक्सएसएलटीत पाच-सहा ओळींत बसतो.

दुसरे उदाहरण क्षेत्राचे. पहाणीवर २ एकर २० गुंठे हे अनेकदा २.२० असे लिहिलेले असते. संगणकाला तो दशांश वाटतो. पण एकराचे गुंठे ४०, म्हणून हे अडीच एकर आहेत. पलीकडे उदगीरला क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, आणि अडीच एकर म्हणजे सुमारे १ हेक्टर १ आर. आकडा टिंबावर तोडून डावा भाग एकर, उजवा भाग गुंठे असे समजावे लागते. हे यंत्राला कोण सांगणार? ज्याला गुंठा माहीत आहे तोच.

तिसरे उदाहरण अक्षरांचे. युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी एकसारखी आहे. देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५, कन्नड 'क'चा ३२२१. फरक ८९६. 'ळ' घ्या, 'ण' घ्या, फरक तोच. कन्नड नावाच्या प्रत्येक अक्षरातून ८९६ वजा केले की देवनागरी नाव हातात. ऐकायला जादू वाटते. 'बसवकल्याण', 'औराद' ही नावे अशी सरळ उतरतात. पण 'बीदर' कन्नडमध्ये शेवटी पाय मोडून लिहितात, म्हणून ते 'बीदर्' असे येते. शब्दाच्या शेवटचा पाय मोडलेला असेल तर जोडा, असा नियम करता येतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन 'ए' आहेत, मराठीला एकच पुरतो, त्यालाही नियम आहे. मग येते 'भालकी'. कन्नड लेखनावरून ती 'भाल्कि' होऊन उतरते. आता मधला पाय जोडा असा नियम केला तर 'कल्याण' बिघडते. इथे नियम संपतो आणि यादी सुरू होते : 'भाल्कि' दिसले की 'भालकी' लिही. ही यादी कोणत्याही पुस्तकात नाही. ती या भागात राहणाऱ्या माणसाला ठाऊक असते.

आणि 'काले'चे पुन्हा 'काळे' करायला तर यादीही पुरत नाही. त्यासाठी मूळ मोडी कागद लागतो, किंवा ते घराणे ओळखणारा कुणी लागतो.

ही भाषा आता मागे पडते आहे हेही सांगितले पाहिजे. बहुतेक नव्या कामांत एक्सएमएलऐवजी जेसन वापरतात. २०२५ मध्ये क्रोम ब्राउझरच्या निर्मात्यांनी एक्सएसएलटीचा आधार काढून टाकण्याची योजना जाहीर केली. प्रकाशनसंस्था, ग्रंथालये, कायद्याचे आणि विमानांचे दस्तऐवज सांभाळणाऱ्या कंपन्या यांच्याकडे ती अजून रोजच्या कामात आहे. पण आमच्या मुलांनी हीच शिकावी असा माझा आग्रह नाही. फारसी गेली, मोडी गेली, दरबारी उर्दू गेली, तशी हीही कधी जाईल. शिकण्यासारखी आहे ती तिची शिस्त : मूळ राखायचे, नियम लिहून ठेवायचा, आणि जिथे नियम लागत नाही तिथली यादी करायची. ज्याला ती हाताने करून पाहायची आहे त्याच्यासाठी सॅक्सन किंवा एक्सएसएलटीप्रोक हे फुकट मिळणारे प्रोग्राम पुरेत. मंडळाची वर्गणीची यादी गल्लीनिहाय लावून पाहणे हा पहिला धडा म्हणून चांगला आहे.

यातले निकडीचे काम मात्र संगणकाचे नाही. शिकस्ता उर्दू वाचणारे, मोडी वाचणारे, पटवाऱ्याच्या खुणा ओळखणारे निवृत्त कारकून आणि शिक्षक आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अजून थोडेफार आहेत. १९५४-५५ च्या खासरा पहाणीतले रकाने ते बोटाने दाखवून समजावतात. त्यांच्याबरोबर ती रीत जाईल. कागद राहतील, पण ते कसे वाचायचे हे सांगणारा राहणार नाही. मंडळाने पुढाकार घेऊन महिन्यातून एक रविवार अशा ज्येष्ठांसाठी ठेवावा. घराघरांतल्या जुन्या उताऱ्यांचे फोटो घ्यावेत, मूळ कागद ज्याचा त्याला लगेच परत द्यावा, आणि ज्येष्ठांनी सांगितलेले तरुणांनी वहीत तीन रकाने पाडून लिहावे : कागदावर काय आहे, त्याचा अर्थ काय, आणि हे कुणी सांगितले. तिसरा रकाना गाळू नये. पुढे कोणत्याही भाषेत, कोणत्याही यंत्रावर या नोंदी न्यायच्या झाल्या तरी नेणाऱ्याला ही वही लागेल.